अभिजात साहित्य आणि मुलांचं वागणं : शिक्षक-पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

नागपुरातल्या शाळांमधले शिक्षक आणि पालक अभिजात साहित्याबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. अभिजात साहित्य म्हणजे रामायण, महाभारत आणि संतवाङ्मय एवढंच का?

नाही. पिढ्या बदलल्या तरी जे वाचलं जातं आणि ज्यातल्या माणसांवरून आजही वाद घालावासा वाटतो, ते सगळं मी यात धरते. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, महाभारत, जातककथा तर आहेतच. सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' (१८५४), साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) आणि प्रेमचंदांच्या कथाही आहेत. विदर्भातल्या शिक्षकाला लांब जायची गरजही नाही. मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ, 'लीळाचरित्र', अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेला आहे. 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' (१९५५) तर कित्येक मुलांच्या घरी फडताळात असतेच, फक्त ती उघडलेली नसते.

२. गोष्टी वाचून मुलं खरंच चांगली वागायला लागतात का?

आपोआप नाही. आज गोष्ट सांगितली आणि उद्या वागणं बदललं, असं होत नाही. गोष्टीतून आपल्याला अपेक्षित असलेलंच मूल घेईल, याचीही खात्री नसते.

कोणती गोष्ट निवडतो, याने मात्र फरक पडतो. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना एक खेळणं चोरून बघायचा मोह होईल अशी व्यवस्था केली, मग वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि त्यानंतर 'बघितलंस का?' असं विचारलं. 'लांडगा आला रे आला' ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. खरं बोलल्याबद्दल मुलाचं कौतुक होतं, ती गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून शिक्षेचा केला, तेव्हा हा परिणाम उरला नाही. आपल्याकडे 'खोटं बोललास तर बघ काय होतं' याच गोष्टी जास्त सांगितल्या जातात. पहिली-दुसरीसाठी मी आता लांडग्याऐवजी प्रामाणिक लाकूडतोड्या निवडते.

मोठ्या मुलांत साहित्याचा उपयोग वेगळा होतो. त्यांना वागण्याबद्दल बोलायला शब्द आणि उदाहरणं मिळतात. सातवीतला मुलगा 'सर, हे नरो वा कुंजरो वा झालं' असं म्हणतो, तेव्हा अर्धसत्य नावाची गोष्ट त्याला ओळखता आलेली असते. पुढे तो कसा वागेल हे सांगता येत नाही, पण आता त्याच्याशी त्याबद्दल बोलता येतं.

३. गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगायचं की नाही?

सांगू नका. तात्पर्य सांगितलं की मुलं विचार थांबवतात, कारण परीक्षेत तेच लिहायचं असतं हे त्यांना माहीत असतं.

त्याऐवजी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुमच्याकडेही पक्कं नाही. 'श्यामची आई'तला 'अळणी भाजी'चा प्रसंग घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलंही गप्प राहतात, आणि आईला स्वतः जेवायला बसल्यावर ते कळतं. तात्पर्य म्हणून 'दुसऱ्याच्या कष्टांची कदर करावी' हे एका ओळीत लिहून मोकळं होता येतं. पण वर्गात नुसतं विचारून बघा, 'ते बोलले का नाहीत?' पाचवीतल्या एका मुलीने उलट विचारलं होतं, 'काऊन नाही बोलले? आईला आधीच सांगितलं असतं, तर तिने तरी मीठ घालून खाल्लं असतं ना!' दुसऱ्या मुलाचं म्हणणं पडलं की गप्प राहणं हेही एक प्रकारचं खोटं बोलणंच आहे. चर्चा तासभर चालली. दुसऱ्याचं मन जपणं आणि त्याच्याशी खरं बोलणं यांत ओढाताण असते, हे त्या मुलांनी स्वतः शोधून काढलं. फळ्यावर मी लिहिलेल्या ओळीतून ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं.

शेवटी एकमत झालं नाही तरी चालेल. घंटा झाली की तसंच थांबा.

४. वर्गात एका मुलाने पैसे चोरले. आता चोरीवरची गोष्ट सांगू का?

आता नको. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

घटना घडल्यावर लगेच त्या विषयावरची गोष्ट काढली, की गोष्ट कोणासाठी आहे हे सगळ्या वर्गाला कळतं. चाळीस मुलं त्या एकाकडे वळून बघतात. त्याच्यासाठी ती गोष्ट म्हणजे चारचौघांत मिळालेली शिक्षा होते आणि पुढे कोणतीही गोष्ट सुरू झाली की तो अंग चोरून बसतो. चोरीबद्दल त्याच्याशी एकट्याशी बोला, पैसे परत कसे करायचे ते ठरवा, गरज असेल तर पालकांना बोलवा. साहित्य तेवढे दिवस बाजूला राहू द्या.

गोष्टीची वेळ त्याआधीची, जुलै-ऑगस्टमधली, वर्गात काहीही घडलेलं नसतानाची. गांधीजींच्या आत्मकथेतला प्रसंग मी दरवर्षी तेव्हाच वाचते. भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरल्यावर मुलगा वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली देतो, शिक्षा मागतो. आजारी वडील चिठ्ठी वाचतात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ते चिठ्ठी फाडून टाकतात. रागावत नाहीत. हा प्रसंग आधीच ऐकलेला असेल, तर पुढे कधी चूक झालीच तर 'लिहून दिलं तर चालेल का?' असा एक मार्ग मुलाला माहीत असतो. बोलायची हिंमत नसलेल्या मुलांना याचा फार आधार होतो.

आणखी एक. पसायदान पाठ असलेल्या शाळा पुष्कळ आहेत, पण 'जे खळांची व्यंकटी सांडो' यावर क्वचितच कोणी थांबतं. ज्ञानेश्वर खळ नाहीसे व्हावेत असं मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागतात. वर्गशिक्षकाने कृतीला नाव ठेवावं, मुलाला ठेवू नये. 'तू चोर आहेस' आणि 'तू चोरी केलीस' यांत काय बदलतं, हे ही ओळ मुलांबरोबर वाचताना स्वच्छ दिसतं.

५. कोणत्या इयत्तेला काय वाचावं?

पहिली-दुसरीला कौतुकाने संपणाऱ्या छोट्या गोष्टी (प्रश्न २). तिसरी ते पाचवी 'श्यामची आई'तले निवडक प्रसंग, जातककथा आणि प्रेमचंदांची 'ईदगाह'. सहावीपासून महाभारत, चोखोबा आणि तुकोबांचे अभंग, बहिणाबाई. आठवीनंतर दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, असे प्रसंग घ्या. हे फक्त ढोबळ मार्गदर्शन आहे. कोणती मुलं कशाला तयार आहेत, हे वर्गातल्या शिक्षकालाच कळतं.

६. पोट्टे घरी हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी. जुनी मराठी कशी वाचणार?

२०२० च्या कायद्यानंतर राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे, पण विषय असला म्हणून कान तयार होत नाही. त्यामुळे आधी मोठ्याने वाचून दाखवा. मुलांच्या हातात छापील पान नंतर द्या. बहिणाबाईंचं 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' ऐकल्यावर, हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणारं ढोर काटोल-सावनेरकडच्या मुलांना लगेच दिसतं. ते पाहिल्यावर 'लक्ष दे' हे वेगळं सांगावं लागत नाही. शहरातल्या मुलांना आधी उभं पीक म्हणजे काय ते सांगावं लागतं, तर सांगायचं.

हिंदीचा अडसर मानू नका. इतवारी, सदर, गांधीबागेतल्या वर्गांत 'ईदगाह' मूळ हिंदीतच वाचा. हमीदकडे मोजून तीन पैसे आहेत. बाकीची मुलं मिठाई आणि खेळणी घेतात, तो आजीचे हात तव्यावर भाजतात म्हणून चिमटा घेतो. चर्चा मराठीत करा. मुलं दोन्ही भाषांत सहज ये-जा करतात, अडखळतो ते आपण.

७. आमच्या वर्गात बरीच मुलं बौद्ध घरांतली आहेत. महाभारत-रामायण घेतलं की पालक नाराज होतात. काय करावं?

त्यांचं म्हणणं आधी ऐकून घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती याच शहरात. इथल्या हजारो घरांसाठी काय वाचायचं आणि काय नाही हा अस्मितेचा प्रश्न आहे, हट्टाचा नाही. 'सगळ्यांचंच आहे ते' असं म्हणून तो झटकू नये.

सद्गुणांची गोष्ट एकाच परंपरेतून सांगावी असं कुठे आहे? धम्मपदात वैराने वैर शमत नाही असं सांगणारी गाथा सुरुवातीलाच येते. मारामाऱ्या होणाऱ्या वर्गात तिच्याइतकं उपयोगी फार थोडं असेल. अंगुलिमालाची कथा घ्या. तो धावत असतो, बुद्ध शांतपणे चालत असतात, तरी त्याला ते गाठता येत नाहीत. तो ओरडतो 'थांब', आणि बुद्ध म्हणतात, मी थांबलोच आहे, तू थांब. शाळेत ही गोष्ट इथेच संपवतात. पुढचा भाग सोडू नका. भिक्खू झाल्यावरही लोक अंगुलिमालाला दगड मारतात, आणि बुद्ध त्याला ते सहन करायला सांगतात. माणूस बदलला तरी त्याने केलेल्याचं ओझं लगेच उतरत नाही. आठवीतल्या मुलांना हे फार नेमकं कळतं.

मुक्ता साळवेचा निबंधही वाचा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं आणि १८५५ मध्ये ते 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. आपल्याच वयाच्या विद्यार्थिनीने लिहिलेलं वाचताना मुलांचे चेहरे बदलतात. आणि हे सगळं फक्त बौद्ध मुलांसाठी 'वेगळं' म्हणून ठेवू नका. अख्ख्या वर्गाने वाचायचं.

८. एकलव्य गुरुभक्तीचा आदर्श म्हणून शिकवतो. त्यात चूक काय?

अर्धी गोष्ट शिकवली जाते, ही चूक. त्याने अंगठा दिला, इथे थांबायचं आणि टाळ्या घ्यायच्या, असं चालतं. मागणाऱ्याबद्दल प्रश्नच येत नाही. शिकवायला नकार दिलेल्या विद्यार्थ्याकडून द्रोणाचार्यांनी दक्षिणा कशाची मागितली? अर्जुनाला दिलेला शब्द राखण्यासाठी तिसऱ्याच मुलाचं नुकसान करणं न्याय्य होतं का? हे प्रश्न मुलं विचारतातच, फक्त आपण विचारू द्यायला हवेत. शिक्षकाच्या वागण्यावर प्रश्न विचारणारी ही गोष्ट शिक्षकानेच वर्गात आणली, की मुलांचा आपल्यावरचा विश्वास वाढतो असा माझा अनुभव आहे.

९. 'श्यामची आई'त आई श्यामला मारते. मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे, मग हे वाचायचं कसं?

लपवू नका, वगळू नका. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिमटीने मारून विहिरीवर पाठवते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. मुलांना हे माहीत असतं, म्हणून ती लगेच म्हणतात, 'हे चूक आहे.' मग विचारा: आईला काय साधायचं होतं? ते न मारता साधलं असतं का? पुस्तकावर प्रेम करूनही त्यातलं एखादं वागणं आज आपण स्वीकारणार नाही असं म्हणता येतं. हे शिकणंही वाचनाचाच भाग आहे.

याहून अवघड प्रसंग मोळीचा. डोक्यावर मोळी घेता न येणाऱ्या महार म्हातारीला मदत करायला आई श्यामला पाठवते, आणि नंतर घरी येऊन आंघोळ करायला सांगते. काही शिक्षक यातली दया तेवढी घेतात आणि आंघोळ गाळतात. माझ्या मते हे गाळणं अन्यायाचं आहे, कारण वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीच्या पणजीची ती गोष्ट असू शकते. दोन्ही वाचा. मग सांगा, की हे लिहिणाऱ्याच साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. आईच्या करुणेला शिवाशिवीची मर्यादा होती आणि लेक त्या मर्यादेपलीकडे गेला. घरच्यांवर जीव असूनही त्यांच्यापुढे जाता येतं, हे मुलांना कुठे तरी दिसायला हवं.

१०. पंचतंत्रात तर कितीदा लबाडीच जिंकते!

बरोबर आहे. सशाने सिंहाला विहिरीत पाडलं ते फसवूनच. पंचतंत्र राजपुत्रांना व्यवहारचातुर्य शिकवण्यासाठी रचलेलं आहे, सज्जनपणा हा त्याचा मुख्य विषय नाही. ते 'मूल्यशिक्षण' म्हणून सरसकट देऊ नका. दुबळ्याने बलवानाला फसवणं आणि बलवानाने दुबळ्याला फसवणं एकच का, एवढा एक प्रश्न ठेवलात तर त्याचा उत्तम उपयोग होतो.

११. शिक्षा म्हणून 'ग्रामगीतेचा एक अध्याय लिहून आण' असं सांगितलं तर?

अजिबात नको. ते पुस्तक त्या मुलासाठी कायमचं शिक्षेचं होईल.

१२. मनाच्या श्लोकांच्या पाठांतर स्पर्धा घ्याव्यात का?

घ्या. पाठ झालेलं पुढे कधी तरी, अगदी नको त्या वेळी आठवतं, आणि ते चांगलंच आहे. पण पाठांतर झालं म्हणजे वळण लागलं, असं धरू नका. २०५ श्लोकांऐवजी पाच श्लोक घेऊन त्यांवर बोललेलं मला जास्त आवडेल.

१३. सणांशी जोडून काही करता येईल का?

नागपुरात तर मारबत आहे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं वाईट गावाबाहेर नेलं जातं. त्याच आठवड्यात दासबोधाच्या दुसऱ्या दशकातलं मूर्खलक्षण वाचा. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, असं एकेक लक्षण सांगत समर्थ पुढे जातात. मुलं खदखदून हसतात. मग प्रत्येकाने स्वतःमधलं एक लक्षण, मारबतीबरोबर पाठवून द्यावंसं वाटणारं, चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही, वाचून दाखवायचं नाही, शिक्षकानेही लिहायचं.

यात एक कडक नियम ठेवा. दुसऱ्याचं लक्षण लिहायचं नाही. रस्त्यावर मारबतीबरोबर बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात ते कोणावर तरी टीका करणारे असतात, वर्गात तसं केलं तर तासाभरात एखाद्या मुलाला टोपणनाव चिकटतं आणि ते दहावीपर्यंत सुटत नाही. का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

१४. नववी-दहावीची मुलं 'हे लहान मुलांचं आहे' म्हणून हसतात. त्यांना काय द्यावं?

त्यांना आदर्श देऊ नका, पेच द्या. युधिष्ठिर आयुष्यात एकदा अर्धसत्य बोलतो आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. युद्ध जिंकण्यासाठी ते आवश्यक होतं का? सराव परीक्षेत कॉपी करणाऱ्या मित्राला वाचवणारं मूल याच पेचात असतं. प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' वर्गाच्या मॉनिटरला जरूर द्या. जुम्मन आणि अलगू जिवलग मित्र, आणि पंचाच्या जागेवर बसल्यावर अलगूला मित्राविरुद्ध निकाल द्यावा लागतो. मुलींच्या छेडछाडीबद्दल बोलायचं असेल तर ताराबाई शिंदेंचे उतारे वाचा. सगळे दोष बायकांच्याच माथी का, हा त्यांचा प्रश्न आजही मुलांना खाली बघायला लावतो. तो तास मुलं-मुली एकत्र बसवूनच घ्या.

सहल रामटेकला असेल तर एक सुवर्णसंधी आहे. वा. वि. मिराशींनी 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं साधार मांडलं. गडावर बसून काव्याचा पहिलाच श्लोक अर्थासह वाचा. यक्षाने कामात हयगय केली, म्हणून कुबेराने त्याला वर्षभर घरापासून दूर ठेवलं. चूक नेमकी कोणती, हे कालिदास सांगतच नाही. शिक्षेची मुदत मात्र पहिल्याच श्लोकात आहे: एक वर्ष. मुलांना विचारा, शाळेतल्या कोणत्या शिक्षांना मुदत नसते? मला मिळालेलं उत्तर होतं, 'सर एकदा नालायक म्हणाले की ते शेवटपर्यंत.' हे ऐकून घ्यायची तयारी ठेवून जा. शृंगाराचे श्लोक अर्थातच या वयात नकोत, पहिले काही पुरतात.

१५. वेळ कुठून आणायचा? अभ्यासक्रमच पुरा होत नाही.

आपल्याकडे शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात, त्यामुळे सुरुवातीलाच ओढाताण असते, हे खरं. आठवड्यात एक रिकामा तास आणि मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेतली शेवटची वीस मिनिटं, एवढ्यावर वर्षभर चालतं. पुस्तकांसाठी झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

१६. साहित्य बाजूला ठेवून दुसरं काही करायची वेळ केव्हा येते?

वागणं अचानक बदललं असेल, मूल जेवत नसेल, अंगावर वळ असतील, घरी जायला घाबरत असेल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर तो वागणुकीचा प्रश्नच नाही. त्याला गोष्ट सांगू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा, समुपदेशकाकडे न्या, आणि धोका घरातच असेल असं वाटलं तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास आणि मोफत आहे. हळू वाचणाऱ्या किंवा अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या मुलाच्या खोड्यांमागेही बरेचदा वाचता न येण्याची लाज असते. त्याच्या हातात पुस्तक देऊन वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. त्याला ऐकू द्या, आणि तपासणीसाठी पालकांशी बोला.